मधला मुलूख

धाराशिवच्या विमानतळापासून लातूरच्या विमानतळापर्यंत सरळ रेषेत साधारण ४५ किलोमीटर भरतात. सोलापूरचा विमानतळ आमच्यापासून ७० किलोमीटरच्या थोडा पुढे. हल्ली फोनवर दोन गावांची नावं घातली की हे आकडे लगेच येतात आणि त्यांच्याखाली विमानाला लागणारा वेळही येतो. आमच्या विमानतळावरून तिकीट काढून कुठंच जाता येत नाही. २००९ साली नांदेड, लातूर, बारामती आणि यवतमाळ यांच्याबरोबर तो भाडेपट्ट्यानं खासगी कंपनीकडे दिला गेला, पण नियमित प्रवासी विमान काही सुरू झालं नाही. तरी धाराशिव ते लातूर या विमानप्रवासाचा वेळ ठरलेला आहे. तो प्रवास कुणी केलेला नाही, वेळ मात्र मिनिटांत तयार आहे.

मी नोकरीभर जिल्हा परिषदेच्या शाळांत भूगोल शिकवला, त्यामुळे हा आकडा कुठून येतो ते मला माहीत आहे. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वी गोल धरायची आणि तिच्या पाठीवरून त्या दोन बिंदूंना जोडणारा सगळ्यांत आखूड कंस काढायचा. वर्गात मी हे पृथ्वीगोलावर दोऱ्यानं दाखवायची. एका मुलीनं मुंबईवर बोट ठेवायचं, दुसरीनं न्यूयॉर्कवर आणि तिसरीनं शिवणाचा दोरा मधे ताणायचा. भिंतीवरचा नकाशा बघून मुलांनी आधीच ठरवलेलं असायचं की दोरा अरबस्तानावरून, आफ्रिकेवरून आडवा जाणार. सैल असेपर्यंत तो तसाच पडायचा. जरा ताण दिला की सरकायला लागायचा, वर, आणखी वर, रशियावरून थेट ग्रीनलंडच्या अंगाला. मुलं ओरडायची, "बाई, घसरला, परत लावा." परत लावला तरी तो तिथंच जायचा. सपाट नकाशानं आपल्याला फसवलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटायचं, आणि त्या एका क्षणासाठी मला मास्तरकी आवडायची.

तो दोरा खरा आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त त्याच्याखाली कोणती गावं येतात, कोणती नदी येते, कुणाचं रान येतं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्याला दोन टोकं पुरतात.

वेळेचं तसं नाही. ताशी ८०० किलोमीटरच्या हिशेबानं ४५ किलोमीटरला साडेतीन मिनिटंही लागणार नाहीत. पण विमानाला वर चढायचं असतं, उतरायचं असतं. लातूरला जाणारं विमान पुरतं चढायच्या आतच उतरायला लागेल. विमान कंपन्या वेळापत्रकात जो वेळ छापतात तो चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लावेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, वाट बघणं आलं. घरातून निघून विमानतळ गाठणं त्यात धरलेलं नसतंच. ढोकी-मुरूडच्या रस्त्यानं एसटी दीड-दोन तासांत लातूरला टेकते, आणि त्या वेळात सगळं धरलेलं असतं.

हा सगळा विचार मी करत बसले त्याला कारण माझा भाचा. तो अमेरिकेत ह्यूस्टनला असतो. लग्न झालं, आणि आमच्या घरी नव्या जोडीनं कुलस्वामिनीला यायचंच, हे त्यालाही ठाऊक. त्यानं फोन करून विचारलं, "आत्या, तुळजापूरला सगळ्यांत जवळचा विमानतळ कुठला?" मी म्हटलं, सोलापूर. २०२५च्या जूनमध्ये सोलापूरहून गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरात मुंबईचं. मुंबई ते सोलापूर सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या वर थोडं, विमानाला तासाभराचं काम. पूर्वी तो हैदराबादला उतरून गाडीनं यायचा, तेव्हा एक रात्र जायची. त्याला बरं वाटलं. मग जरा थांबून तो म्हणाला, "आत्या, देव सगळीकडे आहे असं तूच सांगायचीस. मग इथून हात जोडले तर पोचत नाहीत का? आणि यायचंच म्हटलं तर मी विमानानं आलो आणि कुणी सोलापूरहून चालत आला, यांत देवीच्या दारी फरक असतो का?"

त्याच्या विचारण्यात उर्मटपणा नव्हता. फोनवर मी त्याला एवढंच म्हटलं की ये, मग बोलू. पण प्रश्न जुना आहे आणि उडवून लावण्यासारखा नाही. देव जर सगळीकडे असेल तर त्याच्यापर्यंतचं अंतर शून्य. शून्य अंतराला प्रवास कसला? आणि प्रवास करायचाच, तर तो लांबवण्यात काय अर्थ आहे?

या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर आमच्याच जिल्ह्यात, तेरला आहे. तेर धाराशिवपासून विसेक किलोमीटरवर, तेरणेच्या काठी. गोरोबाकाका तिथले, जातीनं आणि धंद्यानं कुंभार. त्यांच्या घरी संतमंडळी जमली तेव्हाची गोष्ट आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असते. मुक्ताबाईला कोपऱ्यात थापटणं दिसलं. हे काय, असं तिनं विचारलं. काका म्हणाले, यानं थापटून मडकं पक्कं की कच्चं ते कळतं. मग इथं बसलेल्यांतली मडकी पाहा की, असं ती म्हणाली. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले, नामदेवांना तेवढा राग आला. काकांनी सांगितलं, हे मडकं कच्चं.

नामदेव विठ्ठलाचे लाडके. त्यांनी पंढरपूरला जाऊन देवाकडेच गाऱ्हाणं नेलं, आणि देवानं त्यांना विसोबा खेचरांकडे औंढ्याला धाडलं. तिथं विसोबा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून निवांत पडलेले. पाय काढा, म्हणाले नामदेव. विसोबांनी सांगितलं, म्हाताऱ्याला हलवत नाही, जिथं देव नसेल तिथं तूच ठेव माझे पाय. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तर खाली पिंड. तिसरीकडे ठेवले, तिथंही पिंड.

कीर्तनकार ही कथा इथं संपवतात आणि टाळ वाजतात. माझ्या मनात मात्र ती इथून पुढं चालू होते. नामदेवांमध्ये कच्चं काय होतं? भक्ती कच्ची नव्हती, त्यांच्याएवढी भक्ती त्या घरात क्वचितच कुणाकडे असेल. कच्चं हे होतं की त्यांच्या लेखी देव एका जागी होता, चंद्रभागेच्या काठी, विटेवर. मग उरलेली सगळी पृथ्वी त्यांच्यासाठी काय होती? नुसतं अंतर. पंढरपूर सोडून जायचं म्हणजे देवापासून लांब जायचं, आणि परत यायचं म्हणजे मधलं सगळं ओलांडून टाकायचं. विसोबांनी त्यांना जे दाखवलं ते या मधल्याबद्दल होतं. पाय ठेवायला रिकामी जागाच उरली नाही.

आता भाच्याच्या तर्कानं जायचं तर अशा साक्षात्कारानंतर नामदेवांनी घरी बसायला हवं होतं. सगळीकडे देव आहे, मग हलायचं कशाला? घडलं ते उलट. परंपरा सांगते की ते तीर्थयात्रेला निघाले आणि चालत पंजाबात गेले. गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान हे गाव त्यांच्या नावावर आजही उभं आहे. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, सदानंद मोरे अध्यक्ष होते, आणि इकडून आगगाड्या भरून माणसं गेली. जो माणूस पंढरपूर सोडायला तयार नव्हता, तो देव सर्वत्र आहे हे कळल्यावर सगळ्यांत लांब चालला. हे मला फार मोलाचं वाटतं. देव दूर आहे म्हणून ते गेले नाहीत. मधला मुलूख त्यांच्यासाठी भरून गेला होता म्हणून गेले.

त्याच वाटेवर आता विमान आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला होते, तिथंच त्यांचं निर्वाण झालं. ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याला, म्हणजे गुरुतागद्दीला, ३०० वर्षं झाली तेव्हा, २००८ साली, नांदेडच्या विमानतळाचं रूप पालटलं. २०२४पासून नांदेडहून दिल्लीजवळच्या हिंडनमार्गे जालंधरजवळच्या आदमपूरला विमान जाऊ लागलं. नकाशावर नांदेड आणि आदमपूर यांच्यात १,३०० किलोमीटरच्या वर अंतर आहे. जे शीख कुटुंब नांदेडच्या सचखंड हजूरसाहिब गुरुद्वाराच्या दर्शनाला लुधियानाहून येतं, त्याच्यासाठी ही सोय मोठी आहे, आणि तिच्यावर नाक मुरडायचा अधिकार मला नाही. त्या विमानातली म्हातारी हजूरसाहिबच्या पायरीवर डोकं टेकवते तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी येतं ते चालत आलेल्याच्या पाण्याहून पातळ नसतं.

चालण्यानं पुण्य वाढतं असं मी मानत नाही. देव कष्ट तोलत बसला असता तर पांगळ्यानं काय करायचं होतं? माझ्या सासूबाईंना शेवटची काही वर्षं उंबऱ्याबाहेर पडवत नव्हतं. त्या खाटेवर बसून परडीपुढं हात जोडायच्या, आणि त्यांची पूजा तुळजापूरला पोचत नव्हती असं मला कुणी सांगितलं तर मी ऐकून घेणार नाही.

अंतराबद्दल बोलताना एक गोष्ट मला राहून राहून आठवते. चोखोबांनी मंगळवेढ्याहून पंढरपूरपर्यंतची वाट किती वेळा तुडवली असेल! वाट सरायची, आणि मंदिराच्या दारातून विटेपर्यंतची तेवढी पावलं राहायची. ती त्यांना कधीच टाकू दिली नाहीत. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत अंगावर पडून ते गेले तेव्हा नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या आणि महाद्वारापुढं समाधी केली. आत नाही, दाराशी. साने गुरुजींनी उपोषण केलं आणि ते दार उघडलं १९४७च्या मे महिन्यात. सहा शतकं लागली. पंढरीची वाट ज्यांनी जन्मभर चालली त्यांच्यासाठी शेवटची पन्नास-शंभर पावलं पृथ्वीच्या घेराएवढी झाली होती, आणि ती लांबी पृथ्वीनं दिलेली नव्हती, माणसांनी दिलेली होती. अंतराचा धर्माशी संबंध काय, असं कुणी विचारलं तर मी आधी हे सांगेन आणि मग वारीचं बोलेन.

तेरचंच आणखी एक. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या दर्यावर्दी व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्या पेरिप्लसमध्ये आमचं तेर 'तगर' या नावानं आहे, फार मोठं शहर म्हणून. भडोचपासून पैठण २० दिवसांवर आणि पैठणपासून तगर १० दिवसांवर, असा त्यानं हिशेब दिला आहे. आज पैठण ते तेर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास निघतं. म्हणजे दिवसाकाठी पंधराएक किलोमीटर, ओबडधोबड मुलखातून, मालानं भरलेल्या गाड्या घेऊन. त्यानं अंतर दिवसांत सांगितलं कारण त्याला तेच ठाऊक होतं, आणि दिवस म्हटला की त्यात मुक्काम आला, बैलांचं पाणी आलं, रात्री कुणाच्या तरी गावाचा आसरा आला. तेरच्या वस्तुसंग्रहालयात रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तू आहेत. तेरला मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी मिळतीजुळती मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली. पॉम्पेई गाडलं गेलं इसवी सन ७९मध्ये. हातातून हातात, बाजारातून बाजारात असं तेव्हाचं जग एकमेकांशी बांधलेलं होतं. मधला एकही हात वगळता येत नव्हता.

आणि तुळजापूर. आमच्या देवीची मूर्ती चल आहे. वर्षातून काही वेळा तिला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. नवरात्राआधी तिची घोरनिद्रा असते, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा. तो पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावचा आणि पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरची. दोन्ही वाटेतल्या गावांत मुक्काम करत, माणसांच्या खांद्यावरून येतात. गावागावांतल्या बाया पलंगाला ओवाळतात, पोरं खालून जातात, म्हातारी माणसं नुसता हात लावून बाजूला होतात. या सगळ्या खटाटोपानंतर विजयादशमीच्या पहाटे सीमोल्लंघन होतं, तेव्हा देवी त्या पालखीत बसून जाते किती? मंदिराभोवतीची प्रदक्षिणा, एवढंच. शेकडो किलोमीटर आलेली पालखी आवारातल्या काही पावलांसाठी. जाणं-येणं या हिशेबानं याला काही अर्थ नाही. पण ज्या गावांतून ती आली त्या गावांना देवी भेटून गेली, हा अर्थ आहे, आणि तो मला पुरेसा वाटतो.

पुढं पाच दिवसांनी आश्विन पौर्णिमा. देवी निद्रेतून उठून पुन्हा सिंहासनावर बसते. तिच्या आदल्या रात्री सोलापूर ते तुळजापूर हा साधारण ४५ किलोमीटरचा रस्ता वाहनांना बंद करतात, कारण तो माणसांनी भरलेला असतो. योगायोग बघा, धाराशिव आणि लातूरच्या विमानतळांत आहे तेवढंच हे अंतर. अक्कलकोट, कलबुर्गी, विजापूरकडची माणसं सोलापुरात येऊन मिळतात, कन्नड आणि मराठी एकाच सुरात 'आई राजा उदे उदे' म्हणतात. तामलवाडीच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना चहाची पातेली उकळत असतात, केळी वाटतात, कुणी अनोळखी पाय चेपायला बसतं. मी चालले आहे त्या रस्त्यानं. रात्रीच्या दोनच्या सुमाराला पाय बोलायला लागतात आणि आपण कोण, कुठले, निवृत्तिवेतन किती, हे सगळं गळून पडतं. एकदा माझ्या पुढं एक बाई चालत होती, पायात चप्पल नाही, पाठीला लेकरू बांधलेलं. लेकरू झोपेत माझ्याकडे तोंड करून होतं. पुलापाशी तिनं मागं वळून न बघता पाण्याची बाटली माझ्यापुढं धरली. मी प्यायले आणि परत दिली. एक शब्द झाला नाही. मी जे शोधायला निघाले होते ते मला त्या पुलापाशी मिळालं असं मी म्हटलं तर ती बाई हसेल; तिच्या दृष्टीनं तिनं फक्त पाणी दिलं होतं.

दिवसा मंदिराजवळ आणखी एक मोजणी दिसते. कल्लोळ तीर्थावर ओल्या अंगानं उठून बाया दंडवत घालत निघतात. जमिनीवर पालथं पडायचं, हात पुढं लांबवायचे, जिथं बोटं टेकतील तिथं शेजारची बाई खूण करते, मग उठून त्या खुणेवर पाय ठेवायचे आणि पुन्हा पडायचं. फरशी उन्हानं तापलेली असेल तर सोबतीण पुढं पाणी शिंपडत चालते. किती अंतर झालं असं विचारलं तर उत्तर येईल आपल्याच उंचीच्या पटीत. भूगोलात मी मीटर शिकवला, कोस शिकवला, समुद्री मैल शिकवला. या मापाला पुस्तकात जागा नव्हती. वाटेतली एक बोटभर जागासुद्धा या मोजणीतून सुटत नाही. तिच्यावर कपाळ टेकलेलं असतं.

वाटेतली जागा अशी न सोडणं विमानातही शक्य आहे, आणि हे मला शिकवलं माझ्याबरोबरच्या एका मुस्लिम शिक्षिकेनं. त्यांच्या आजोबांच्या वेळी हजला मुंबईहून जहाजानं जायचे. ती जहाजं १९९५ साली बंद झाली आणि आता सगळे विमानानं जातात. बाई निवृत्तीनंतर जाऊन आल्या. मक्केभोवती काही सीमा ठरलेल्या आहेत, त्यांना मीकात म्हणतात, आणि एहराम न बांधता यात्रेकरूनं ती ओलांडायची नसते. त्या सीमा जमिनीवर ठरल्या, उंटांच्या काफिल्यांच्या काळात. विमान त्यांच्यावरून उडत जातं. म्हणून विमानात घोषणा होते की मीकात जवळ आली आहे. पुरुषांनी न शिवलेली पांढरी वस्त्रं अंगावर घेतलेली असतात, बाया मनाशी निय्यत करतात, आणि सगळं विमान एका आवाजात लब्बैक म्हणू लागतं. बाई सांगत होत्या, खिडकीतून खाली नुसता अंधार होता, पण त्या अंधारात एक रेषा आहे हे प्रत्येकाला माहीत होतं. इतक्या वेगात, इतक्या उंचीवर असूनही त्यांच्या धर्मानं मधल्या वाळवंटातली एक जागा पुसू दिली नाही. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता.

म्हणून विमानाबद्दल माझ्या मनात वैर नाही. एका रात्री माझ्या दिरांच्या छातीत कळ आली आणि आम्ही रुग्णवाहिकेतून त्यांना सोलापूरला नेलं. त्या रात्री मधला प्रत्येक कोस माझा शत्रू होता. प्रत्येक गतिरोधक, प्रत्येक उसाची ट्रॉली. तिथं कुणी मला वाटेचं महत्त्व सांगितलं असतं तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं. आजारी माणूस आणि डॉक्टर यांच्यामधलं अंतर शून्याकडे नेणं हाच धर्म, आणि धाराशिवची धावपट्टी त्यासाठी एकदा जरी कामी आली तरी तिचं सार्थक होईल. आमच्याकडे सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचं काम चालू आहे, ८४ किलोमीटरचा. तो व्हावा, लवकर व्हावा. बाळंतिणीनं, शिकणाऱ्या पोरीनं, भाजी विकणाऱ्या बाईनं वाट कशाला झिजवायची?

माझं म्हणणं देवाच्या वाटेपुरतं आहे. तिथं मधल्याला रिकामं मानलं की टोकालाही फार काही हाती लागत नाही असं मला वाटतं, कारण मग तुळजापूर हे सुद्धा दोऱ्याचं एक टोक होतं: उतरलो, ओटी भरली, फोटो काढला, परतीची वेळ झाली. विसोबांचं ऐकायचं तर देव तामलवाडीलाही तेवढाच आहे, त्या पुलापाशीही आहे, ह्यूस्टनच्या घरातही आहे. ह्यूस्टनहून जोडलेले हात पोचतात. तरी यायचं, कारण तामलवाडीतला देव ह्यूस्टनमध्ये बसून भेटत नाही. त्याच्या अंगणातून जावं लागतं. विमानानं यायला माझी हरकत नाही. वाटेचा एक तुकडा तरी पायांखाली घ्यावा, एवढंच. किती मोठा, ते ज्याच्या त्याच्या गुडघ्यांनी ठरवावं.

भाचा पुढच्या कोजागरीला येतो म्हणाला. सूनबाईलाही चालायचं आहे, तिनं आधीच तिकडे रोज फिरायला सुरुवात केली आहे. मुंबईहून विमानानं सोलापूरला उतरायचं, संध्याकाळी निघायचं. मी त्याला कळवलं: नवे बूट आणू नकोस, वापरून सैल झालेले आण. सुती मोजे दोन जोड. पायांना लावायला खोबरेल मी देईन. खाण्याचं ओझं घेऊ नकोस, वाटेत लोक आग्रह करून देतात आणि नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं. पाण्याची बाटली मात्र स्वतःची ठेव, आणि ती भरलेली ठेव, मागून येणाऱ्याला लागते.